कळतं, पण वळत नाही: भावासाठी कोच शोधू का?

नमस्कार,

माझा धाकटा भाऊ वीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शाळेत हुशार म्हणून नाव होतं. हॉस्टेलवर राहायला गेला आणि पहिल्याच वर्षी दोन विषय राहिले. हजेरी कमी, सबमिशन कायम उशिरा. सात महिन्यांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष आणि स्वतःवरचा ताबा टिकवणं अवघड जातं ती अवस्था) निदान केलं. गोळी सुरू आहे. गोळी घेतली की वर्गात लक्ष लागतं म्हणतो, पण बाकी सगळं जिथल्या तिथे. मी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते. रोज सकाळी फोन करून त्याला उठवते, रात्री 'काय झालं, काय राहिलं' विचारते. त्याचं टाइमटेबल मी बनवते, त्याच्या कॉलेजच्या मेलचा पासवर्डही माझ्याकडे आहे. मध्यंतरी मी आजारी होते, काही दिवस फोन झाला नाही, तर तो प्रॅक्टिकलची परीक्षाच चुकवून बसला. आई म्हणते, तूच त्याला आळशी केलंस. बाबा म्हणतात, मीही असाच होतो, मला कोणी कोच लावला होता? गेम मात्र पाच पाच तास खेळतो, मग अर्धा तास अभ्यासाला का बसवत नाही, हे खरं सांगायचं तर मलाही कळत नाही. एका मैत्रिणीने एडीएचडी कोच सुचवला आहे. त्याचा खरंच उपयोग होतो का? की मी जे फुकट करते तेच पैसे देऊन करून घ्यायचं? भावाला विचारलं तर म्हणाला, 'तूच बघ, तुला ठीक वाटेल ते.'

— एक थकलेली बहीण

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात चुकलेल्या परीक्षेपेक्षा मला जास्त खटकलं ते शेवटचं वाक्य. 'तूच बघ.' वीस वर्षांच्या मुलाने स्वतःच्या शिक्षणाबद्दल असं म्हणावं, यात त्याचा बेफिकीरपणा कमी आणि थकवा जास्त आहे. आपण ठरवलेलं काहीच पार पडत नाही, हे इतक्या वेळा अनुभवल्यावर माणूस ठरवणंच सोडून देतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, कोचचा उपयोग होऊ शकतो. पण कोच त्याने निवडला तर. तुम्ही शोधला, तुम्ही वेळ ठरवली आणि रोज रात्री 'आज कोच काय म्हणाले?' असंही तुम्हीच विचारलंत, तर काहीही बदलणार नाही. फक्त त्याला सूचना देणारी माणसं एकाची दोन होतील.

आता गेमचं. ही शंका घराघरात येते आणि निदानावरचा विश्वास बहुतेक वेळा इथेच डळमळतो. एडीएचडी म्हणजे लक्ष नसणं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात लक्ष असतं, ते हवं तिथे वळवणं आणि हवं तेव्हा काढून घेणं जमत नसतं. गेममध्ये प्रत्येक काही सेकंदांनी काहीतरी घडतं, चुकलं तर तिथल्या तिथे कळतं, जिंकलं तर तिथल्या तिथे बक्षीस मिळतं. प्रोजेक्ट रिपोर्टचं फळ मिळायला सहा आठवडे लागतात. लांबचं बक्षीस सगळ्यांनाच थोडं फिकं वाटतं. एडीएचडी असलेल्यांना ते फारच फिकं वाटतं, आणि हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून सबमिशनच्या आदल्या रात्री तोच मुलगा झपाटल्यासारखा काम करतो. त्या रात्री सहा आठवड्यांनंतरची गोष्ट 'आत्ता'ची झालेली असते.

रसेल बार्कली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर या विषयावर काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एडीएचडी ही माहितीच्या अभावाची अडचण नाही, माहीत असलेलं योग्य क्षणी करण्याची अडचण आहे. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहेत, कळतं पण वळत नाही. फक्त आपण ते टोमणा म्हणून वापरतो. तुमच्या भावाला वेळेवर झोपावं, अभ्यास रोज थोडा थोडा करावा, मेल बघावेत, हे सगळं ठाऊक आहे. तुम्ही ते रोज फोनवर सांगता तेव्हा त्याला माहीत असलेलीच गोष्ट सांगता. त्यामुळे तो चिडत असेल तर त्यात थोडं तथ्य आहे, आणि तुमच्या हताश होण्यातही.

मग शाळेत कसं जमलं? तर शाळेत दिवस दुसऱ्यांनी आखलेला होता. घंटा वाजायची, रोजचा गृहपाठ रोज तपासला जायचा, घरी कोणीतरी दप्तर भरलं का बघायचं. हुशार मुलं या चौकटीच्या आधाराने बरीच वर्षं निभावून नेतात आणि कोणाला काही जाणवतही नाही. कॉलेजात, त्यातही हॉस्टेलवर, ही चौकट एका दिवसात निघून जाते, आणि नेमका त्याच वेळी कामाचा आवाका वाढतो. निदानासाठी काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात (अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निकषांनुसार, त्याआधी ही मर्यादा सात वर्षांची होती). म्हणजे कॉलेजात गेल्यामुळे एडीएचडी झाला असं होत नाही. तो होताच, कॉलेजने तो उघडा पाडला.

बाबांच्या वाक्यावर थोडं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीची आनुवंशिकता, म्हणजे माणसामाणसांतल्या फरकात जनुकांचा वाटा, साधारण 70 ते 80 टक्के धरली जाते, आणि ही खूप जास्त आहे. 'मीही असाच होतो' या त्यांच्या बोलण्यातून मी लांबून काही निदान करणार नाही, तुम्हीही करू नका. पण पुढच्या वेळी ते असं म्हणाले की वाद घालण्याऐवजी त्यांना विचारा, 'मग तुम्ही कसं निभावलंत, बाबा?' कोणी मदत केली, काय काय हातचं गेलं, काय युक्त्या केल्या. तुमच्या भावाने ते ऐकावं असं मला वाटतं. आईच्या 'आळशी' या शब्दाला मात्र वेगळं उत्तर आहे. आळशी माणसाला काम न केल्याचा त्रास होत नाही. तुमच्या भावाला होत नसता, तर तो डॉक्टरांकडे गेलाच नसता.

आता कोच नेमकं काय करतो ते. एडीएचडी कोचिंगचा आणि विषय शिकवणाऱ्या क्लासचा काही संबंध नाही, हे आईबाबांना आधी सांगून टाका, नाहीतर 'गणित कोण शिकवणार?' असा प्रश्न येईल. एडीएचडी असलेल्यांसाठी कोच ही कल्पना 1990 च्या दशकात एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांमुळे लोकांपर्यंत पोचली. मूळ कल्पना अगदी साधी होती: दिवसातून काही मिनिटं कोणीतरी फोनवर विचारावं, आज काय करायचंय, काय अडेल, मदत काय हवी. पुढे तिचा व्यवसाय झाला. आता साधारण आठवड्याला अर्धा ते पाऊण तासाची एक भेट, बहुतेक वेळा व्हिडिओवर किंवा फोनवर, आणि मधल्या दिवसांत एकदोन छोटे मेसेज, असं त्याचं स्वरूप असतं.

वाचल्यावर तुम्हाला वाटेल, हे तर मी करतेच. फरक कुठे आहे ते एका उदाहरणाने दाखवते.

समजा तो म्हणाला, 'शनिवारी रिपोर्ट लिहिणार आहे.' तुम्ही काय म्हणाल? बहुधा 'नक्की ना? मागच्या वेळीही असंच म्हणाला होतास.' शनिवारी दोनदा फोन कराल. तो 'बसलोय' म्हणेल. रविवारी भांडण.

चांगला कोच तिथे विचारेल, शनिवारी किती वाजता? 'सकाळी.' सकाळी म्हणजे उठल्यावर की नाश्त्यानंतर? शनिवारी उठतोस किती वाजता, खरं सांग. 'अकरा.' मग गोळी कधी घेतोस? 'उठल्यावर.' म्हणजे तिचा परिणाम जाणवायला लागेपर्यंत बारा. ठीक, मग बारा वाजता कुठे असशील? 'रूमवर.' रूमवर रिपोर्ट लिहिलास असं शेवटचं कधी झालं? (शांतता.) मागचा रिपोर्ट कुठे बसून पूर्ण झाला होता? 'लायब्ररीत, मित्र शेजारी होता.' तो मित्र या शनिवारी आहे का, त्याला आत्ता मेसेज टाकशील? आणि बसल्यावर पहिलं काय उघडशील? 'रिपोर्ट.' त्यातलं काय? 'प्रयोगाच्या नोंदींचा तक्ता.' तो आहे का तुझ्याकडे? 'नाही, पार्टनरकडे आहे.'

बघा, गाडी इथे अडणार होती. शनिवारी बारा वाजता त्याने रिपोर्ट उघडला असता, तक्ता नाही हे लक्षात आलं असतं, पार्टनरला मेसेज केला असता, उत्तर येईपर्यंत म्हणून फोन हातात घेतला असता, आणि दिवस गेला असता. बाहेरून ते आळसासारखंच दिसलं असतं. एडीएचडीमध्ये 'काम सुरू न होणं' हे अनेकदा अशा एखाद्या क्षुल्लक, न दिसलेल्या पायरीपाशी अडलेलं असतं. कोचचं कसब ती पायरी आधीच शोधून काढण्यात आहे, तेही त्याच्याच तोंडून. कारण तुम्ही शोधून दिली तर ती तुमची युक्ती राहते, आणि तुम्ही आजारी पडलात की तीही आजारी पडते.

या प्रश्नोत्तरांमागे थोडं मानसशास्त्र आहे. पीटर गॉल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात दाखवून दिलं की 'मी अभ्यास करीन' या संकल्पापेक्षा 'अमुक वाजता, अमुक जागी, अमुक घडलं की मी हे करीन' असं ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता बरीच जास्त असते. कारण मग आठवण ठेवायचं काम डोक्याऐवजी ती वेळ आणि ती जागाच करते. ज्याची वर्किंग मेमरी, म्हणजे हातातलं काम डोक्यात धरून ठेवण्याची ताकद, आधीच अपुरी पडते, त्याला याचा फायदा उघड आहे. कोचचं बरंचसं काम हेच असतं, डोक्यातलं बाहेर काढायचं. भिंतीवर काटे असलेलं मोठं घड्याळ, कारण काट्यांच्या घड्याळात उरलेला वेळ डोळ्यांना दिसतो. सगळ्या सबमिशनच्या तारखा एकाच कागदावर, नजरेसमोर. गोळी टूथब्रशच्या शेजारी. नवीन ॲप सहसा नको. ॲपचे नव्याचे नऊ दिवस तुमच्या भावाने बहुधा बऱ्याचदा अनुभवले असतील.

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सगळ्यात मोलाची वाटते. ठरवलेलं झालं नाही तर कोच रागावत नाही आणि ते काम स्वतः करूनही टाकत नाही. तो कुतूहलाने विचारतो, नेमकं कुठे सुटलं? घरच्या माणसाला हे जवळजवळ अशक्य असतं. तुमचा जीव त्याच्यात गुंतलेला आहे. तुम्ही एकतर चिडाल किंवा धावून जाल. यात तुमचा दोष काही नाही.

पुरावा किती आहे, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, पैसे जाणार आहेत. 2013 मध्ये अमेरिकेत दहा विद्यापीठांतल्या 160 विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोचिंग मिळालेल्या मुलांची अभ्यासकौशल्यं, स्वतःला सावरून कामाला लावण्याची क्षमता आणि एकूण स्वास्थ्य, हे सगळं न मिळालेल्यांपेक्षा चांगलं आढळलं. 2015 मध्ये फ्रान्सेस प्रेव्हॅट आणि शेरी येलँड यांनी आठ आठवड्यांचं कोचिंग घेतलेल्या 148 विद्यार्थ्यांची माहिती मांडली. तिथेही अभ्यासाच्या पद्धती आणि आत्मविश्वास सुधारलेला दिसला, पण तुलनेसाठी कोचिंग न मिळालेला गट नव्हता. म्हणजे दिशा आशादायक आहे, ढीगभर पुरावा नाही. औषधांमागे आणि काही प्रमाणात सीबीटी या, विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारपद्धतीमागे यापेक्षा भक्कम संशोधन आहे. 2010 मधल्या एका अभ्यासात औषध सुरू असूनही अडचणी उरलेल्या 86 प्रौढांपैकी काहींना बारा सत्रांची सीबीटी दिली, काहींना शिथिलीकरण (शरीर-मन सैल सोडायला शिकणं) आणि माहिती. सीबीटीवाल्यांची लक्षणं जास्त कमी झाली. तुमच्या भावाची स्थिती नेमकी ही आहे, गोळी चालू पण बाकी जिथल्या तिथे. त्यामुळे त्याच्या डॉक्टरांना कोचइतकंच सीबीटीबद्दलही विचारा. एडीएचडी जाणणारा मानसशास्त्रज्ञ जवळपास असेल, तर मी पैसे आधी तिकडे घालीन आणि कोच नंतर. पण असा माणूस मिळणं अवघड असतं हेही खरं.

त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी काढायला हव्यात. पहिली, झोप. एडीएचडी असलेल्या पुष्कळ तरुणांचं शरीराचं घड्याळ मागे सरकलेलं असतं, रात्री दोनशिवाय झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. सकाळचा तुमचा फोन कदाचित या एका गोष्टीवरचा तात्पुरता उपाय आहे, आणि झोपेवर वेगळे उपचार होऊ शकतात. दुसरी, मन. एडीएचडीबरोबर नैराश्य आणि चिंता वारंवार येतात. 'तूच बघ' हे नुसतं थकव्याचं असेल, किंवा त्याखाली उदासी असेल. तो जेवत नसेल, मित्रांना टाळत असेल, पूर्वी आवडणारा गेमही आता नुसता वेळ काढायला खेळत असेल, तर कोचिंग बाजूला ठेवून आधी डॉक्टर. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर त्याच दिवशी.

कोच निवडताना डोळे उघडे ठेवा. डॉक्टर किंवा वकील व्हायला परवाना लागतो, कोच व्हायला बहुतेक ठिकाणी काहीच लागत नाही. दोन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण घेऊन किंवा न घेताही कोणी पाटी लावू शकतं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही 1995 मध्ये स्थापन झालेली संस्था कोचना मान्यतापत्र देते, पण तिची मान्यता सर्वसाधारण कोचिंगची असते; एडीएचडीचं वेगळं प्रशिक्षण कुठे घेतलं, ते विचारावंच लागतं. कॉलेजच्या मुलांबरोबर काम केलंय का? आठवडाभरात मेसेजला उत्तर किती वेळात मिळतं? विद्यार्थी ठरलेल्या वेळेला आलाच नाही तर तुम्ही काय करता? हा शेवटचा प्रश्न चुकवू नका, कारण तो येणार नाही, निदान एकदोनदा तरी. 'फी कापतो' एवढंच उत्तर आलं तर पुढे चला. 'त्याच दिवशी मेसेज करतो, पुढची वेळ ठरवतो आणि यायचं का राहिलं तेही समजून घेतो' असं काही ऐकू आलं तर बोलणं पुढे न्यायला हरकत नाही. गोळ्या बंद करा म्हणणारा, सगळं बरं करून देतो म्हणणारा, किंवा वर्षाची फी आधी मागणारा, तिघांनाही नमस्कार. लहानपणीच्या जखमा उकरत बसणाराही नको. ते काम उपचारतज्ज्ञाचं, आणि चांगला कोच स्वतःच तसं सांगून तिकडे पाठवतो.

पहिली भेट बऱ्याच ठिकाणी विनामूल्य असते. अशा दोनतीन भेटी त्याला घेऊ द्या आणि निवड त्यालाच करू द्या. त्या भेटींना तुम्ही हजर राहू नका. त्याने निवडलेला माणूस तुम्हाला आवडला नाही तरी.

आता तुमचं काय? रोजचा फोन उद्यापासून बंद, असं करू नका. इमारत उभी राहायच्या आत परांची काढली तर काय होतं ते मध्यंतरी आजारपणात तुम्ही पाहिलंच आहे. एक एक करून काढा, आणि त्याजागी दुसरं काय येणार हे ठरल्यावरच. सकाळचा फोन आधी. त्याच्याऐवजी रूममेटने दिवा लावणं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला अलार्म, पहिल्या तासाला बरोबर जाणारा मित्र, काय ते त्याने आणि कोचने मिळून ठरवायचं. दोन आठवडे त्याने स्वतः उठून दाखवलं की तो फोन संपला. मधे एखादा दिवस चुकेल. एखादा तास बुडेल. ते बुडू द्यावं लागेल, आणि मला माहीत आहे, त्याच्यापेक्षा तुम्हालाच ते जड जाणार आहे. मोठी परीक्षा असेल त्या दिवशी मात्र खुशाल फोन करा. तत्त्वासाठी सेमिस्टर घालवायची गरज नाही.

मेलचा पासवर्ड परत करा. हे लगेच करता येण्याजोगं आहे. परत करण्याआधी एकदा दोघांनी बसून कॉलेजचे महत्त्वाचे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय करून घ्या, नाहीतर जाहिरातींच्या ढिगात तो बुडून जाईल.

आणि रात्रीचा फोन ठेवा, पण त्यातून 'काय राहिलं' हा प्रश्न काढून टाका. बहीण-भावाने बोलायला दुसरंही काही असतं. तुमच्या नोकरीतली कटकट त्याला सांगा, तो ज्या गेमचं वेड घेऊन बसलाय त्याबद्दल विचारा. कोचशी झालेलं बोलणं त्याचं आणि कोचचं. फी तुम्ही किंवा बाबा भरणार असाल तरी त्यातून हिशेब मागण्याचा हक्क मिळत नाही. कोचकडून परस्पर माहिती काढण्याचा तर नाहीच. तो येतोय की नाही, एवढंच तुम्हाला कळलं तर पुरे, तेही त्याच्या संमतीने.

पुढचा भाग त्याच्यासाठी आहे. त्याला पाठवा, लांबलचक प्रस्तावना न लावता.

मित्रा, तुझ्या ताईने मला पत्र लिहिलंय हे तुला आवडलं नसेल. तुझ्या जागी मलाही आवडलं नसतं. तुला कोच हवाय की नको हे तूच ठरवायचं आहेस, आणि 'नको' हेही उत्तर चालेल. हवा असेल तर पहिल्या भेटीत सगळं सुधारायचं म्हणू नकोस. एक विषय सांग, या महिन्यात सगळ्यात जास्त अंगावर आलेला. ठरवलेलं केलं नसेल त्या आठवड्यात तर भेट अजिबात चुकवू नकोस. तोंड दाखवायची लाज वाटेल, 'पुढच्या आठवड्यात काहीतरी करून मगच जाऊ' असं वाटेल, आणि बहुतेकांचं कोचिंग इथेच संपतं. रिकाम्या हाताने जा. का रिकामे राहिले, यावरच तिथे काम करायचं असतं. कोचचा मेसेज बघून उत्तर द्यायचं राहून गेलं, आणि आता उशीर झाला म्हणून द्यायचंच नाही असं वाटलं, तर नुसता एक अंगठा पाठव. लायब्ररीत मित्राच्या शेजारी बसून काम होतं, हे तुला माहीत असेल. एडीएचडी असलेल्यांमध्ये ही युक्ती सर्रास चालते, त्यात कमीपणा काही नाही. अभ्यास करताना डोक्यात दुसरं काही आलं, बिल भरायचंय, कोणाला तरी उत्तर द्यायचंय, तर उठू नकोस, बाजूच्या कागदावर लिही आणि पुढे चल. आणि परीक्षेच्या काळात मित्र तुझी गोळी मागतील. देऊ नकोस. तुझ्या तब्येतीला जोखून दिलेलं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं, शिवाय तो कायद्याने गुन्हाही ठरू शकतो.

ताई, पुन्हा तुमच्याकडे. कोच परवडला नाही किंवा त्याला नकोच असला, तर काही अडत नाही. कॉलेजात समुपदेशक असेल, एखादा समजूतदार सीनियर असेल, आठवड्यातून दोनदा ठरावीक वेळी एकत्र बसणारे दोघेतिघे असतील, तर वरच्यासारखी प्रश्नोत्तरं तिथेही होऊ शकतात. अमेरिकेत आर्थर अनास्टोपोलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 250 विद्यार्थ्यांवर अभ्यास केला, तो गटातल्या सीबीटीचा आणि सोबत प्रत्येकाला एक मार्गदर्शक देण्याचा होता. त्यातही लक्षणं कमी झाली आणि मुलांना रोजचं कामकाज सांभाळणं जास्त जमू लागलं. ठरावीक वेळ आणि न रागावणारं माणूस या दोन गोष्टी हव्यात. पाटी कोणती लावलीय ते दुय्यम.

आठदहा आठवड्यांनी हिशेब मांडा, पण मार्कांवरून नको. मार्क बदलायला एखादं सेमिस्टर तरी जातं, आणि पहिल्या सेमिस्टरला तर जुनी थकबाकीच फेडायची असते. अडचण तो किती लवकर बोलून दाखवतो ते बघा. आधी सबमिशनची तारीख उलटल्यावर कळायचं. आता आदल्या दिवशी, मग तीन दिवस आधी कळायला लागलं, तर काम होतंय असं समजा. काहीच हललं नसेल तर कोच बदलायला सांगा किंवा थांबायला सांगा, ओढत बसू नका.

एक काम मात्र कोचची वाट न बघता याच आठवड्यात व्हायला हवं. बऱ्याच कॉलेजांत निदानाचं प्रमाणपत्र दाखवलं की परीक्षेत जादा वेळ, वेगळी शांत खोली, सबमिशनला थोडी सवलत अशा सोयी मिळू शकतात. पण त्यासाठी परीक्षेच्या बरंच आधी अर्ज करावा लागतो, आणि परीक्षा उलटून गेल्यावर कोणी ऐकून घेत नाही. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत त्याने प्रमाणपत्र मागून घ्यावं आणि कॉलेजच्या कार्यालयात अर्ज कुठे द्यायचा, शेवटची तारीख कोणती, ते विचारून यावं. अर्ज त्यानेच भरायचा. तो भरताना तुम्ही फोनवर दुसऱ्या बाजूला नुसत्या बसून राहिलात, तुमचं काहीतरी काम करत, तर चालेल.